एवाल्ड टिगेस आणि इंजिनामागचा डबा

एवाल्ड टिगेस आमच्या क्लबात आला तो भांडतच आला.

१९८६ चा ऑक्टोबर होता. वर्षातून एक रविवार आम्ही क्लबाची दारं गावाला उघडी ठेवायचो. क्लब म्हणजे आमच्या स्टेशनातल्या जुन्या मालगुदामाचा वरचा मजला. तिथे खोलीभर फळ्या टाकून त्यावर आम्ही जर्मनीतला आमचाच झाउअरलांडचा मुलूख उभा केला होता. डोंगर, देवदारं, दोन बोगदे, लाकडाची वखार आणि वीतभर लांबीची वाफेची इंजिनं. त्या दिवशी गर्दी होती, सफरचंदाचा केक संपत आला होता, आणि साठीचा एक उंच, हडकुळा माणूस फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा येरझारा घालत होता. गाडी जाईल तसा तोही तिच्या बाजूनं चालायचा. लोकांचे पाय तुडवायचा, माफी मागायचा आणि पुन्हा चालायला लागायचा.

मग तो एकदम थांबला.

"हा डबा शेपटीला कोणत्या गाढवानं लावला?"

गाढव म्हणजे आमचे अध्यक्ष क्लेवे मास्तर. शाळेत भूगोल शिकवायचे, आवाज वर्गातल्यासारखाच होता.

"तो गार्डचा डबा आहे," मास्तर म्हणाले. "गार्ड मागे बसतो. गाडीवर नजर ठेवायला."

"मागे? मालगाडीत?"

"मग कुठे?"

"मास्तर, तुम्ही पोरांना भूगोल शिकवता ना? मग आपली गाडी अमेरिकेत कशाला नेऊन सोडलीत? शेपटीला गार्ड तिकडे बसतो!"

लोक हसले. मास्तरांचे कान लाल झाले. आमच्याकडे परक्या माणसानं गाडीला हात लावायचा नाही असा कडक नियम आहे, पण या माणसानं सरळ हात घातला, शेवटचा डबा उचलला आणि इंजिनाच्या पाठीला नेऊन जोडला. इतक्या हलक्या हातानं, की मला हेवा वाटला. माझा धंदा दात बनवायचा. दंतवैद्य माप पाठवतात आणि मी दात घडवून देतो. हलका हात मला लगेच कळतो.

"हे घ्या," तो म्हणाला. "गार्डाकडे सगळ्या वाघिणींच्या बिल्ट्या, म्हणजे मालडब्यांचे कागद, असायच्या. कुठली वाघीण कुठे तोडायची, कुठे काय चढवायचं, हे स्टेशन आलं की ड्रायव्हरला सांगणार कोण? चाळीस वाघिणी ओलांडून मागून पळत येणार का तो? गार्ड पुढेच. छपरावर ही खिडक्यांची टोपी दिसते ना, तिच्यात चढून बसलं की मागची सगळी गाडी वळणावर दिसते. मागे फक्त दिवा. चौदा वर्षं बसलोय मी यात."

तो माणूस एवाल्ड टिगेस. नुकताच रेल्वेतून निवृत्त झाला होता.

पुढच्या बुधवारी तो पुन्हा आला आणि मग येतच राहिला. सभासद झाला नाही, फॉर्म भरायला बसावं लागतं म्हणून. खुर्ची दिली तर तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहायचा. त्यानं मला हेरलं. "अहो दातवाले, तुमच्याकडे बारीक हत्यारं आहेत. त्या डब्याचं पोट रिकामं आहे. त्यात संसार मांडू."

त्या हिवाळ्यात आम्ही तो डबा आतून सजवला. तो येरझारा घालत सांगायचा आणि मी भिंगाखाली घडवायचो. टेबल खिडकीला लागून. त्याच्यावर बिल्ट्यांचे कप्पे, एका स्टेशनाला एक कप्पा. कोळशाची शेगडी, तिच्यावर कॉफीचं भांडं, आणि ते घसरू नये म्हणून शेगडीला कठडा. एका कोपऱ्यात संडास. मागच्या अर्ध्या भागात सरकत्या दाराची मोकळी जागा. तिथे शिलाई मशीन, बियाण्याची पोती, काय वाटेल ते चढायचं.

"आणि खाली कुत्र्याचं खुराडं," तो म्हणाला.

"कुत्र्याचं?"

"शिकारी लोक कुत्रे पाठवायचे. एकदा एक कुत्री होती, ब्रिलोन स्टेशनापासून भुंकत होती. मी तिला बाहेर काढून शेगडीपाशी बसवली. नियमात बसत नाही. गप्प झाली बघा."

"मधली जागा एवढी मोकळी का सोडायची? अजून एक कपाट बसेल."

"नको नको. ती जागा ठेवा." तो घाईनं म्हणाला. "तिथे चार पावलं जायचं आणि वळायचं."

त्याची बायको हेडविग एकदा त्याला न्यायला आली होती. ठेंगणी, हसतमुख बाई. ती म्हणाली, "आमच्या बैठकीच्या खोलीतला गालिचा बघायला या. एका रेषेत टक्कल पडलंय त्याला. डॉक्टर म्हणतो रक्तदाब, पाद्री म्हणतो प्रार्थना कर. मी म्हणते, एवाल्ड, निदान बूट तरी काढून चाल."

सगळे हसलो. तोही हसला. पण तिचं बोलणं संपेपर्यंत तो जिन्यापर्यंत जाऊन आला होता.

जानेवारीत क्लेवे मास्तर एक खोका छातीशी धरून आले. नवीन इंजिन. आमच्या इथल्या मालगाड्या ओढायचं तेच काळं, दणकट जातीचं, पण शेवटच्या वर्षांतलं. मागे जोडलेल्या कोळशाच्या गाड्यावर, टेंडरवर, एक चौकोनी खोपटं बांधलेलं होतं. त्याला एक बारकी खिडकी आणि एक अरुंद दार.

"बघा टिगेस," मास्तर खुषीत म्हणाले. ऑक्टोबरचा हिशेब त्यांच्या मनात राहिलाच होता. "मी वाचलंय सगळं. साठ सालाच्या आसपास रेल्वेनं गार्डाला या खोपटात बसवलं. म्हणजे एक डबा कमी ओढावा लागतो. आता आपली गाडी बासष्टची करायची. तुमचा डबा निघाला भंगारात!"

एवाल्डनं इंजिन हातात घेतलं. ते खोपटं डोळ्यांजवळ नेलं. मग अंगठ्यानं ते दार दाबून बघितलं. ते उघडणारं नव्हतं, नुसतं कोरलेलं होतं. त्यानं इंजिन फळीवर ठेवलं आणि कोट न घेता जिना उतरून गेला. बाहेर उणे अकरा होतं.

"मी काय बोललो?" मास्तर म्हणाले. "गंमत केली हो."

तीन बुधवार तो आला नाही. चौथ्या बुधवारी मी त्याचा कोट घेऊन त्याच्या घरी गेलो. हेडविगनं दार उघडलं, पण या वेळी ती हसली नाही.

"बरं झालं आलात. याला बाहेर घेऊन जा. माझं डोकं फिरलंय. रात्रंदिवस नुसता चालतोय घरात, विचारलं तर म्हणतो काही नाही."

दुपारचे दोन वाजले असतील. आम्ही नदीकाठच्या वाटेनं निघालो. मला त्याच्यामागे जवळजवळ पळावं लागत होतं. पुलापाशी आल्यावर तो एकाएकी म्हणाला, "दातवाले, तुम्ही कधी गाडी चुकवलीत?"

"पुष्कळदा."

"मी माझीच चुकवली. मी गार्ड होतो तिचा."

ही सारखी चालण्याची खोड त्याला लहानपणापासून नव्हती. पंचेचाळीसच्या मार्चमध्ये तो एकोणीस वर्षांचा होता. युद्धात हाताला गोळी लागून रजेवर आला होता आणि शहरात मावशीकडे उतरला होता. बाँब पडले तेव्हा दोघं तळघरात होती आणि घर वर कोसळलं. तीस तासांनी लोकांनी त्याला बाहेर काढलं.

"मावशी शेजारीच होती. पहिले दहा तास बोलत होती," तो म्हणाला. एवढंच म्हणाला आणि पुन्हा चालायला लागला.

तेव्हापासून बंद जागेत त्याला बसवेना. गार्डाच्या डब्यात निभावलं, कारण तिथे चालता यायचं. मोठं दार सरकवून वारा घेता यायचा. चौदा वर्षं त्यानं त्या डब्यात सुखानं काढली. मग डबा गेला आणि खोपटं आलं. एक बाकडं, एक फळी आणि समोर खिडकी. गुडघे भिंतीला टेकायचे. खालून इंजिनाचे हिसके बसायचे आणि भोवती कोळशाची धूळ. वरिष्ठांना सांगावं तर त्या काळात असलं सांगायची पद्धत नव्हती. पंचेचाळीसचं काहीच सांगायची पद्धत नव्हती. दहा महिने तो दात आवळून बसला.

"त्रेसष्टचा फेब्रुवारी. तो हिवाळा आठवतो ना? सकाळचे दहा वाजले होते. जंगलाच्या कडेला सिग्नल लाल मिळाला. मी दार उघडून खाली उतरलो. गार्डानं असं उतरायचं नसतं. पण म्हटलं, चार पावलं चालतो. चाललो. मग अजून चार. गुडघाभर बर्फ होता आणि हवा अशी की दातांना कळ लागावी. किती छान वाटलं म्हणून सांगू!"

"आणि गाडी सुटली?"

"सुटली."

"ड्रायव्हरनं शिट्टी नाही दिली?"

तो थांबला. आमची ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच तो असा पुरता थांबलेला मी बघत होतो.

"चौकशीत त्यांनी हेच विचारलं. ड्रायव्हर होता अलोइस पाडबेर्ग. तो म्हणाला, मी शिट्टी दिली, थांबलो, मला वाटलं गार्ड चढला. मी म्हणालो, शिट्टी झालीच नाही. फायरमन तेव्हा आग ढवळत होता, त्याला काही सांगता येईना. त्या खोपटांतल्या गार्डांच्या तक्रारी आधीच चालू होत्या, म्हणून त्यांनी माझं खरं धरलं. मला ताकीद मिळाली आणि गुदामात बिल्ट्या तपासायला पाठवलं. पाडबेर्गचं नाव एक्सप्रेस गाड्यांसाठी लागलं होतं, ते कापलं. निवृत्त होईपर्यंत यार्डात डबे इकडून तिकडे ढकलत शंटिंग करत राहिला."

"आणि शिट्टी?"

"झाली होती. मी ऐकली. एका देवदाराच्या मागे उभा राहिलो आणि गाडी जाऊ दिली. चढवेचना हो मला त्या पेटीत. पुढच्या स्टेशनापर्यंत नऊ किलोमीटर चालत गेलो. खोटं सांगत नाही, वाटेत गाणं म्हणत होतो."

दात घडवणाऱ्याला लोक एवढं सांगत नाहीत. मी विचारलं, "पाडबेर्ग आहे का अजून?"

"आहे. दोन स्टेशनं पलीकडे, मुलीकडे. तिथे तासाला एक गाडी जाते आणि मी ती चोवीस वर्षं चुकवतोय."

आम्ही शनिवारी माझ्या मोटारीनं गेलो. त्यानं सबंध वाट काच खाली ठेवली आणि मी सबंध वाट थंडीनं कुडकुडत गाडी चालवली. दोनदा तो म्हणाला, "परत फिरवा." दोन्ही वेळा मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पाडबेर्ग परसात सशांच्या खुराड्यांपाशी होता. रुंद, जाडजूड म्हातारा, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात गाजराचा पाला. मुलगी स्वयंपाकघराच्या खिडकीत भांडी घासत होती.

"टिगेस," तो म्हणाला. ओळखायला त्याला क्षणही लागला नाही.

"अलोइस, मला तुला काही सांगायचंय."

"काय?"

"सांगायचंय काही!"

"जोरात बोल. शंटिंगच्या इंजिनानं कान खाल्ले माझे."

एवाल्डनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर सशांकडे वळवली. मग तो माणूस, ज्यानं चोवीस वर्षं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं, परसात उभा राहून ओरडला, "त्या दिवशी शिट्टी झाली होती! मी ऐकली होती!"

खिडकीत भांड्यांचा आवाज थांबला. शेजारच्या कुंपणापलीकडे लाकडं रचणारा माणूसही थांबला.

पाडबेर्गनं पाला खुराड्यात सारला. कडी लावली.

"किती?"

"काय किती?"

"शिट्ट्या किती ऐकल्यास?"

"दोन!"

"तीन दिल्या," पाडबेर्ग म्हणाला. "दोन देऊनही तू दिसला नाहीस, म्हणून तिसरी दिली. मी मागे वळून पाहिलं तर दार लागलेलं होतं. वाटलं, आहे आत."

"दार मीच लावलं होतं, उतरल्यावर. थंडी आत जाऊ नये म्हणून. सवयीनं."

"सवयीनं!" म्हातारा काठी आपटत म्हणाला. "घरात, खानावळीत, नेमबाजीच्या जत्रेत मला काय म्हणायचे ठाऊक आहे? 'पाडबेर्ग, बायको आणलीस ना, की मागच्या स्टेशनावर राहिली?' वीस वर्षं! हसायचो मी. माझी बायको ट्रूडेसुद्धा एकदा म्हणाली, अलोइस, विसरला असशील रे, माणूस विसरतो. ती वारली त्याला पाच वर्षं झाली. मला विसरभोळा समजूनच गेली."

एवाल्ड खुराड्यांसमोर इकडून तिकडे जायला लागला. तीन पावलं, वळण, तीन पावलं. ससे पण त्याच्याबरोबर माना फिरवत होते. त्यानं खोपटाचं सांगितलं, तळघराचं सांगितलं, सगळं ओरडून. मावशीचं बोलणं कसं थांबलं तेही ओरडून सांगितलं. ते ऐकणं मला फार जड गेलं. मुलगी दारात येऊन उभी राहिली होती, हात तसेच ओले.

पाडबेर्गनं पुष्कळ वेळ काठीच्या टोकानं जमीन उकरली. मग म्हणाला, "तेव्हा सांगितलं असतंस तर मी तुला माझ्याजवळ पुढे उभा करून नेला असता. कुणाला कळणार होतं?"

एवाल्ड पुन्हा तीन पावलं गेला आणि वळला.

"लिहून दे," पाडबेर्ग म्हणाला. "सहीनिशी."

मुलीनं कागद आणला आणि खुर्चीही आणली. एवाल्डनं खुराड्याच्या झाकणावर कागद ठेवून उभ्या उभ्या लिहिलं. पाडबेर्गनं तो दोनदा वाचला, घडी करून खिशात घातला आणि आम्हाला कॉफीही न विचारता आत गेला.

परतीच्या वाटेवर मला वाटलं होतं, याचा जीव आता हलका होईल. कसलं काय! अर्ध्या वाटेवर त्यानं मोटार थांबवायला लावली आणि उरलेले पाच किलोमीटर चालत घरी गेला. हेडविगला त्यानं त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. ती मला पुढे म्हणाली, "मी आधी रडले. मग जाम चिडले. मग म्हटलं, गालिचा गेला तर गेला."

बुधवारी तो क्लबात आला. मास्तरांनी, बिचाऱ्यांनी, त्याला बरं वाटावं म्हणून त्या नव्या इंजिनाच्या मागे आम्ही सजवलेला डबा जोडून ठेवला होता. एवाल्डनं तो काढला.

"हे खोटं होईल," तो म्हणाला. "खोपटं आलं तिथून डबा गेला. माझ्यासाठी खोटी गाडी पळवू नका. पण जुनं इंजिन आहे ना ते? डबा त्याच्यामागे लावा आणि ती गाडी एकोणसाठची म्हणा. दोन्ही खरं."

"आणि शेवटच्या स्टेशनात इंजिन फिरवलं की डबा उलट्या टोकाला पडतो, त्याचं काय?" मास्तरांनी विचारलं. आता ते खरोखरच शिकत होते.

"वेळ असेल तर शंटिंग करून पुन्हा पुढे आणायचा. नसेल तर शिव्या देत तसंच जायचं."

जूनमध्ये पाडबेर्गच्या मुलीचा फोन आला. वडिलांचा सत्तरावा वाढदिवस आहे आणि टिगेसनं यायलाच पाहिजे असं ते म्हणतात. मलाही बोलावलं होतं, मोटार माझीच लागणार होती.

खानावळीच्या दिवाणखान्यात पन्नासेक माणसं होती. निम्मे जुने रेल्वेवाले, चेहऱ्यावरून ओळखू यावेत असे. सूप झाल्यावर पाडबेर्ग काठी टेकून उठला, चष्मा लावला आणि खिशातून तो कागद काढला. एक अक्षर न गाळता वाचला. बहिऱ्या माणसाचा आवाज, रस्त्यापर्यंत गेला असेल. तळघराचं वाक्य आलं तेव्हा तो जरा अडखळला, पण तेही वाचलं. शेवटी एवाल्ड टिगेस, माजी गार्ड, आणि तारीख.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवणार तरी कशाला? रुळांचे सांधे बदलणारा एक म्हातारा पुटपुटला, "हलकट!" ते कुणाला उद्देशून होतं हे सगळ्यांना कळलं. दुसरा त्याला म्हणाला, "गप रे. तू बसला होतास का त्या पेटीत? मी बसलोय. आठवड्यात पाठ मोडली माझी."

एवाल्ड दाराजवळ भिंतीला पाठ लावून उभा होता. चेहरा चुन्यासारखा पांढरा झालेला. हेडविगनं त्याच्या कोटाची बाही घट्ट धरली होती. मला वाटलं, हा आता जातोय.

पाडबेर्गनं कागद परत खिशात घातला आणि हाक मारली, "टिगेस! बस की."

"मला बसवत नाही, अलोइस."

"मग उभा राहा. पण जेव."

मुलीनं ताट वाढून आणलं. डुकराचं भाजलेलं मांस, लाल कोबी, उकडलेले बटाटे, वर रस्सा. एवाल्डनं एका हातात ताट धरलं, दुसऱ्यात काटा. खिडकीपर्यंत गेला, परत आला, एक घास घेतला. पुन्हा खिडकीपर्यंत गेला. दुसऱ्या खेपेला पाडबेर्गच्या टेबलाशेजारून जाताना पाडबेर्गनं न बघताच आपल्या ताटातला एक बटाटा उचलून त्याच्या ताटात टाकला आणि शेजाऱ्याशी सशांबद्दल बोलत राहिला.